लहानपणचा मार आणि विशीतली दारू : आधी कशाला हात घालायचा?

वसतिगृह_फोंडा
नमस्कार. प्रश्न गोव्यातल्या मुलांच्या वसतिगृहासाठी आहे. मुलं १७ ते २४ वयाची, सत्तरी, डिचोली, काणकोणची, चार-पाच बांदा-सावंतवाडीकडची. निम्मी आयटीआयला, निम्मी कुंडईत अप्रेंटिस. शनिवारी थोडी घेणारी बरीच आहेत, त्यांच्याबद्दल हा प्रश्न नाही. पाच-सहा जणांचं पिणं मात्र वेगळं दिसतं. ती एकटी पितात. शनिवारी घरी जातात, रविवारी संध्याकाळी परतली की पितात आणि सोमवारी कामाला दांडी. रात्री दचकून उठतात. बोलता बोलता ‘बाबांचा पट्टा’, ‘मामाने कोंडून ठेवलं होतं’ अशी वाक्यं हसत टाकतात आणि विषय बदलतात.

लहानपणाबद्दल आपण होऊन विचारावं का, आणि विचारलं तर कोणत्या शब्दांत? एका समुपदेशकाचं म्हणणं, आधी सहा महिने दारू पूर्ण बंद, मग जुन्या गोष्टी. दुसऱ्याचं म्हणणं, मूळ तिथंच आहे, आधी ते बाहेर काढा. आणि कोणाला लगेच इस्पितळात न्यायचं हे कसं ओळखायचं? व्यवस्थापन ‘नावं काढून टाका’ म्हणतंय. उपदेश नको, काय करायचं ते सांगा.

मापात
ताई, पहिल्या भेटीत लहानपणाला हात घालू नका. पहिल्या भेटीत फक्त माप काढा. ते नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

आपल्याकडे दारूचं एक युनिट म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हिशेब सोपा आहे : मिली गुणिले बाटलीवरचे टक्के, भागिले १२७०. ४२.८ टक्क्यांची व्हिस्की किंवा फेणी ३० मिली म्हणजे एक युनिट. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा युनिटं. ६५० मिलीची ५ टक्क्यांची साधी बियर अडीच युनिटं, तीच ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर चार. ‘मी बियरच घेतो’ म्हणणारा मुलगा दोन स्ट्राँग पितो तेव्हा एक क्वार्टर आणि वर दोन छोटे पेग इतकी दारू त्याच्या पोटात गेलेली असते.

हे माप हातात घेऊन मग ‘ऑडिट’ ही जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी भरा. गुण ० ते ४०. कागद मुलाच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, शेजारी बसून भरा. का ते बघा. दर शनिवारी एक क्वार्टर आणि एक स्ट्राँग बियर पिणारा मुलगा घ्या. ‘एका वेळी किती?’ विचारलं की तो ‘दोन’ म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर दोन बाटल्या आहेत. तुम्ही एक-दोनच्या चौकटीत खूण केली की शून्य गुण. ‘एका बैठकीत सहा किंवा जास्त?’ छे, कधीच नाही. पुन्हा शून्य. महिन्यातून चारदा पितो त्याचे दोन. पहिल्या तीन प्रश्नांचे मिळून दोन गुण, म्हणजे मुलगा ठणठणीत! आता बाटल्या मोजा. सहा आणि चार, दहा युनिटं. दुसऱ्या प्रश्नाला चार गुण, तिसऱ्याला ‘दर आठवड्याला’ म्हणून तीन, पहिल्याचे दोन. झाले नऊ. मुलगा तोच, दारू तीच. पहिल्या तीन प्रश्नांत पुरुषाला चार किंवा बाईला तीन गुण मिळाले तरी पुढचे सात विचारायचेच असतात.

एकूण आठ किंवा जास्त झाले की धोक्याचं पिणं. सोळा किंवा जास्त असतील तर शरीराला, कामाला इजा सुरू झालेली असण्याची शक्यता मोठी. वीस आणि पुढे म्हणजे अवलंबित्वाचा संशय, तिथं आपण थांबायचं आणि डॉक्टरकडे सोपवायचं.

मधल्या गटासाठी गोव्यातच काम झालेलं आहे. संगाथ या संस्थेने इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटला १२ ते १९ गुण असलेल्या ३७७ पुरुषांवर चाचणी घेतली, ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के लोक आठ गुणांच्या खाली आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत २६ टक्के. जादू नाही, पण पंधरवड्यात दारूला स्पर्श न केलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के होते, आणि फरक वर्षभराने केलेल्या तपासणीतही टिकला. पद्धत अशी : पहिल्या भागात माप काढून ते माणसाला त्याच्याच आकड्यांत दाखवायचं. दुसऱ्यात नाही म्हणायला शिकणं, मित्रांचा आग्रह, प्रश्न सोडवणं आणि नको वाटणाऱ्या भावना हाताळणं. तिसऱ्यात पाय घसरला तर काय करायचं. तुमच्या पाच-सहा जणांना त्यातलं ‘नको वाटणाऱ्या भावना’ हे प्रकरण सगळ्यात जास्त लागणार आहे.

दोन आठवड्यांची वही ठेवायला सांगा. दर वेळी एक ओळ : किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, किती युनिटं, आणि घोट घेण्याआधीच्या तासात काय झालं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. ‘मॅच होती’ आणि ‘आईचा फोन आला’ ही दोन वेगळी पिणी आहेत.

काठावरचा
मार तर आपल्याकडे घरोघरी होता, शाळेत वेगळा. मग सगळे दारुडे का नाही झाले? दारू स्वस्त, कोपऱ्याकोपऱ्यावर बार, हे कारण पुरेसं नाही का? उगाच आईबापांवर खापर.

आकडे_आणि_माणसं
काठावरचा, प्रश्न खवचट असला तरी बरोबर जागी टोचतो. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतली १२,४४७ मुलं होती, त्यांत गोवाही होता. दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मार बसलेला होता. तेवढ्यानेच दारू लागत असती तर देश बुडाला असता. उलट २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयातले पिणारेच मुळी १४.६ टक्के निघाले. तेव्हा ‘मार म्हणून दारू’ हे सरळ सूत्र चुकीचं आहे, आणि ते कोणाही मुलाला ऐकवू नये.

फरक पडतो तो थरांवर थर चढल्याने. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात मारापुरतं विचारलेलं नव्हतं. शिवीगाळ-अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरात दारू, घरात मानसिक आजार, घरचं कोणी तुरुंगात, हे सगळे प्रकार वेगवेगळे मोजले होते. पुढे त्यांत हेळसांड आणि आईबापांचं वेगळं होणं धरलं गेलं. चार किंवा जास्त प्रकार भोगलेल्यांत मद्यासक्तीचं प्रमाण एकही न भोगलेल्यांच्या पाचपटीहून जास्त होतं. एखादा प्रकार असेल आणि सोबत एक भरवशाची आजी किंवा शिक्षक असेल, तर गोष्ट बरीच वेगळी. आणि ‘तू जन्मलाच नसतास तर बरं झालं असतं’ रोज ऐकणं हे पट्ट्यापेक्षा हलकं समजू नका. वळ दिसत नाहीत म्हणून ते कोणी नोंदवत नाही, इतकंच.

आता दुसरी बाजू, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. वरचा अभ्यास मोठ्या माणसांना आठवायला लावून केलेला आहे. कॅथी विडम यांनी उलट दिशेने काम केलं : लहानपणी अत्याचार कोर्टात नोंदला गेला अशी मुलं घेऊन मोठेपणापर्यंत त्यांचा माग ठेवला. तिथं दारूशी संबंध बायकांत दिसला, पुरुषांत तसा दिसला नाही. २०१९ मध्ये ‘जामा सायकियाट्री’त आलेल्या एका आढाव्यात तर असं निघालं की लहानपणी नोंद झालेली मुलं आणि मोठेपणी ‘माझ्यावर झालं’ म्हणणारी माणसं बऱ्याच अंशी वेगळीच असतात. शिवाय बाप दारुडा असेल तर मुलाला त्याच्याकडून रक्तातला कल मिळतो, घरात बाटली मिळते आणि मारही मिळतो. तिघांतलं कोणतं जबाबदार हे एका मुलापुरतं कोणी सांगू शकत नाही.

याचा वसतिगृहापुरता अर्थ : कारण सिद्ध करायच्या मागे लागू नका. भूतकाळ आणि बाटली यांच्यामध्ये आज कोणता पूल आहे तो बघा. संशोधनात पिण्याचे हेतू चार धरतात : चारचौघांत मिसळायला, मजा वाढवायला, गटात एकटं पडू नये म्हणून, आणि आतलं काहीतरी बुजवायला. पुढे त्रास वाढवणारा तो चौथा. एकट्याने पिणं, ठरलेल्या वेळी पिणं, भांडणानंतर किंवा झोपेसाठी पिणं, ही त्याची लक्षणं. तुमचं रविवार संध्याकाळचं निरीक्षण म्हणूनच मोलाचं आहे. शनिवारी पिणारा सुट्टी साजरी करतो. रविवारी घरून येऊन पिणारा घर विसरायला पितो, आणि ते घर पुढच्या शनिवारी पुन्हा आहेच.

वॉर्ड_सिस्टर
इस्पितळाचं मी सांगते, कारण इथं चूक झाली तर जीव जातो.

रोज पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ असा दम कधीही देऊ नका. आपल्याकडे हे हमखास श्रावणात होतं. मासळीबरोबर दारूही सुटते, तीही एका रात्रीत, आणि घरचे खूश होतात. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळ होते, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, माणसं ओळखत नाहीत, ताप येतो. लोक त्याला बाहेरची बाधा समजून गाऱ्हाणं घालायला नेतात आणि नेमके मोलाचे तास जातात.

म्हणून तीन गोष्टी विचारा. सकाळी उठल्यावर हात कापतात का आणि एक घोट घेतला की थांबतात का? आधी कधी दारू सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता का? गेल्या महिन्यात सलग तीन दिवस न पिता गेले का, आणि तेव्हा काय झालं? पहिल्या दोहोंपैकी एकालाही हो आलं तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत न्या, तोवर पिणं एकदम तोडायला लावू नका. फिट किंवा भ्रम सुरू झालाच असेल तर १०८. तिथं क्लोरडायझेपॉक्साइड किंवा तत्सम गोळ्या मोजून देतात आणि काही दिवसांत कमी करत आणतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने. ज्याने बरेच दिवस नीट जेवण केलेलं नाही अशा पिणाऱ्याला थायमिनच्या आधी नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावून घेऊ’ म्हणून परस्पर कुठेही नेऊ नका.

पिऊन पडलेल्या मुलाचं वेगळं. हलवून, हाक मारून उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, अंग गार किंवा ओठ निळसर असतील तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर ठेवा, एकटं सोडू नका. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी दारू उतरत नाही. गुंगीत पाजलेलं ताक श्वासनळीत जातं, एवढंच होतं.

आणि एक गोष्ट इथं लिहून ठेवते, कारण ती चुपचाप चालते. जेवणात गुपचूप मिसळायची गोळी घरचे औषधाच्या दुकानातून आणतात, ती डायसल्फिराम. ती घेतलेल्याने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदय बंद पडू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. माणसाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या दारूनंतर किमान १२ तासांनी डॉक्टर सुरू करतात तेव्हाच ते औषध असतं. चोरून दिलं तर विषच. लहानपणी घरच्यांनी फसवलेल्या मुलाला आमटीतून गोळी घातल्याचं कळलं की तो पुन्हा कोणाच्या हातचं औषध घेत नाही, हे वेगळंच.

ओढ कमी करणारी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम दिवसाला एक, आधी यकृताची तपासणी, आणि माणूस अफूवर्गातलं काही घेत नाही याची खात्री. अ‍ॅकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, पण मूत्रपिंडं चांगली हवीत. दिवसाला सहा गोळ्या कामावरच्या मुलाकडून बुडतातच, म्हणून अप्रेंटिसला पहिलीच सोयीची पडते. ठरवणार डॉक्टर.

झोपेचं आधीच सांगून ठेवा. दारूने झोप लवकर लागते पण स्वप्नांची झोप दाबली जाते. पहाटे तीनच्या सुमाराला दारू उतरली की ती उसळून येते, स्वप्नं पडतात, माणूस घामेघूम उठतो. दारू कमी केल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस वाईट स्वप्नं वाढतात. हे माहीत नसेल तर मुलगा म्हणतो, ‘बघा, दारूशिवाय मला झोपच नाही,’ आणि तिथंच सगळं ओमफस.

सायको_ओपीडी
‘आधी सहा महिने कोरडा, मग भूतकाळ’ हा जुना नियम आहे आणि तो आता सोडायला हवा. जो दुःस्वप्न बुजवायला पितो त्याला दुःस्वप्नासकट सहा महिने कोरडं राहायला सांगणं म्हणजे कुबडी काढून घेऊन पळायला सांगण्यासारखं. दोन्हींवर एकत्र उपचार करणाऱ्या पद्धती आहेत. एकीत ९० मिनिटांच्या १२ बैठका असतात, आघाताच्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं आणि दारूवरचं काम एकाच बैठकीत. दुसरी २५ विषयांची, तिच्यात भूतकाळ उकरतच नाहीत, आज सुरक्षित कसं राहायचं एवढंच शिकवतात. एकत्र उपचाराने पिणं वाढतं ही भीती चाचण्यांत खरी ठरलेली नाही.

मापात
सायको_ओपीडी, तुमच्याकडे शिकलेला थेरपिस्ट असतो. इथं रेक्टरबाई आहेत. आठवणींना सामोरं नेणं हे वसतिगृहाच्या ऑफिसात करायचं काम नव्हे. शुक्रवारी जखम उघडली आणि शनिवारी मुलगा त्याच घरी गेला, तर रविवारी काय होणार?

सायको_ओपीडी
मान्य. म्हणजे क्रम असा म्हणू : शरीर सुरक्षित आहे का हे पहिल्या दिवशी, माप त्याच आठवड्यात, झोप-रविवार-राग यांवरची तजवीज लगोलग. आठवणींवरचं काम थेरपिस्टकडे, पण त्यासाठी सहा महिने थांबायची अट नाही. रोजची थरथर गेली आणि मुलगा शुद्धीत तास-दीड तास बसू शकतो, एवढं पुरे. ताईंनी उकरू नये, पण दारही लावू नये.

दार उघडं ठेवायचं कसं तेही सांगतो. मुलगा प्यायलेला असताना विचारू नका. शनिवारच्या आदल्या दिवशी नको. मंगळवार-बुधवार बरा, म्हणजे मध्ये दोन दिवस तुम्ही आसपास असता. टेबलाच्या दोन बाजूंना बसू नका, शेजारी शेजारी चाला किंवा पायरीवर बसा. आधी मर्यादा सांगा : ‘तू सांगशील ते मी कमिटीत बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला किंवा एखाद्या लहान मुलाला धोका असेल तर मला सांगावं लागेल.’ हे आधी सांगायचं. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात.

‘तुझ्यावर अत्याचार झाला का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’ येईल आणि ते खोटंही नसेल, कारण त्याच्या लेखी ती शिस्त होती. काय घडलं ते विचारा. ‘घरात मोठी माणसं चिडली की काय करायची?’ ‘वळ उठेपर्यंत, पट्ट्याने, वायरीने मारायचं का कोणी?’ ‘घरात कोणाच्या पावलांचा आवाज आला की भीती वाटायची का?’ आणि प्रत्येक वेळी ‘सांगायचं नसेल तर राहू दे.’ एकदा नाही म्हटलं तर पुन्हा महिनाभर विषय नाही.

सांगितलंच तर तपशील खोदू नका. ‘कितीदा’, ‘कुठे’, ‘तू ओरडला का नाहीस’ यातलं काहीही नको. ‘मोठे आहेत ते, विसरून जा’ हे तर मुळीच नको. ‘बरं केलंस सांगितलंस, यात तुझी चूक नव्हती’ एवढं बोला आणि विचारा, ‘आज रात्री एकटा असशील का?’ जीव नकोसा वाटतो का हेही स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरत नाही. हो आलं तर एकटं सोडू नका, दारू आणि औषधं हाताशी ठेवू नका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, त्याच्यासमोरच फोन लावा. फोन चोवीस तास चालतो. व्यसनासाठी वेगळा १४४४६ आहे.

कलमदार
तुमच्याकडे १७ वर्षांची मुलं आहेत, ती नोंद वेगळी ठेवा. १८ खालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं कोणालाही बंधनकारक आहे, रेक्टरलाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गोव्यात त्यावर २००३ चा गोवा बाल कायदा आहे आणि पणजीत बाल न्यायालय आहे. कोणाला विचारायचं कळेना झालं तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८.

मुलगा २२ वर्षांचा असेल आणि जुनी गोष्ट सांगत असेल तर तक्रार करायची की नाही हे आधी त्याला ठरवू द्या. पण तोच माणूस आज घरात धाकट्या भावंडांजवळ असेल, तर प्रश्न त्या लहान मुलांचा होतो. तेव्हा १०९८ टाळू नका.

सज्ञान मुलाला गाडीत घालून व्यसनमुक्ती केंद्रात कोंडणं बेकायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याच्या इच्छेशिवाय दाखल करायला कलम ८९ आहे, पण त्याला आजाराची गंभीरता आणि तपासण्या लागतात, मुदत ३० दिवसांपर्यंत. घरचे म्हणाले म्हणून ते लागू होत नाही. उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा त्याला कलम २३ प्रमाणे हक्क आहे. कमिटीने फाइल मागितली तर देऊ नका. वसतिगृहाच्या रजिस्टरात ‘लहानपणी मार’ असं काही लिहूही नका. तारीख आणि ‘आरोग्यासाठी पाठवलं’ इतकंच.

नावं काढण्याबद्दल कमिटीला एवढं विचारा : काढल्यावर मुलगा कुठे जाईल? ज्या घरून आल्यावर तो पितो, तिथेच. नियम पिण्यावर न ठेवता वागणुकीवर ठेवा. मारामारी, खोलीत दारू आणणं, लहान मुलांना पाजणं यांवर कारवाई. स्वतःहून मदत मागणाऱ्यावर नाही.

वसतिगृह_फोंडा
सगळ्यांचे आभार. बाटल्यांच्या हिशेबाने चक्रावले, दोघांचे गुण माझ्या अंदाजाच्या बरेच वर जातील असं दिसतं. दोन शंका. मार्च ते मे मुलं घरून प्लास्टिकच्या बाटलीत हुर्राक, म्हणजे काजूची गावठी दारू, आणतात, त्यावर टक्के नसतात. भट्टीवाला ‘पंधरा ग्राव’ म्हणतो, म्हणजे पंधरा टक्केच ना? आणि रविवारसाठी नेमकं काय करू?

मापात
नाही, ग्राव म्हणजे टक्के नव्हेत. ते पोर्तुगीज काळातलं जुनं माप, त्यात नुसत्या पाण्याचाच आकडा दहाच्या आसपास असतो. त्यामुळे पंधरा ग्रावची दारू पंधरा टक्क्यांहून कडक निघते. हुर्राक एकदाच गाळलेली, भट्टीगणिक बदलते. वहीपुरते कमीत कमी १५ टक्के धरा. तेवढ्यातही २०० मिलीचा ग्लास सव्वादोन युनिटांच्या वर जातो, ७५० मिलीची बाटली नऊच्या आसपास. लिंबूसोडा, मीठ, मिरची घालून ती सरबतासारखी जाते, म्हणून मुलं ग्लास मोजत नाहीत. बाटली मोजा : रविवारी किती होती, सोमवारी किती उरली.

रविवारचं असं. धोक्याची वेळ पाच ते नऊ धरा. शक्य तर दुपारच्या बसने परतायचं, एकट्याने नाही, त्याच बाजूच्या मुलाबरोबर. स्टँडवरून थेट वसतिगृहात, आल्या आल्या जेवण. भुकेल्या पोटी ओढ वाढते. रोख जवळ नको, मोबाइलवरून पैसे द्यायची रोजची मर्यादा त्यानेच दोनशेवर आणून ठेवायची. साडेपाचला फुटबॉल किंवा स्वयंपाकघरात पाळी, पण नाव लावून, ‘वाटलं तर ये’ असं नाही. ओढ उठली की ती सहसा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ कोणाबरोबर काढायचा ते नाव वहीच्या पहिल्या पानावर. आणि दर शनिवारी घरी जायलाच हवं का, हे त्याला एकदा विचारा. महिन्यातून दोनदा गेलं तरी चालतं हे अनेक मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पहिल्या रविवारी जमलं नाही तर वहीत फक्त वेळ आणि युनिटं. दहाची सहा झाली असतील तर तेही लिहून ठेवा.